बिनफोडणीचा सांजा

रामटेकेबाई गेल्याचं मला टायरवाल्याकडून कळलं. स्कूटरच्या चाकात हवा भरता भरता तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या त्या सांजेवाल्या बाई गेल्या न. तिकडं फुलसावंगीले. महिना झाला असन."

"हो का," मी म्हटलं.

"तुमाले मालूम नव्हतं? तुमच्या तं समोरच राहत होत्या."

मी काही बोललो नाही. न बोलणं मला चांगलं जमतं. तुमच्या बाई, असं तो सहज म्हणाला होता. त्या माझ्या कोणी होत्या का आणि नसल्या तर का नव्हत्या, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. आता सांगतो.

पांढरकवड्यात नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला, जिथं ट्रक चहापाण्याला थांबत, तिथं रामटेकेबाईंची हातगाडी होती. गाडीवर एकच जिन्नस, सांजा. शहरात ज्याला उपमा म्हणतात तोच, पण बाईंना तो शब्द आवडत नसे. "उपमा तिकडं हॉटेलात," म्हणायच्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवलेला. भुवईवर गरम तेल उडाल्याचा पांढरट डाग. लोखंडी कढईत रवा टाकला की त्यांचं तोंड बंद होई. ड्रायव्हर हॉर्न वाजवोत, कोणी हाका मारो, त्या मान वर करत नसत. उलथनं खालून वर, खालून वर. रव्याचा रंग बदलायच्या जरा आधी वास बदलतो. तो आला की उकळतं पाणी ओतायच्या, झाकण ठेवायच्या आणि मग मात्र तोंड सुटायचं ते थांबायचं नाही.

एकदा एका पंजाबी ड्रायव्हरने प्लेट पुढे करून म्हटलं, "अम्मा, नमक कम है."

"कम है तो थोडा रो ले ऊपर से," बाई म्हणाल्या. गाडीभोवतीचे सगळे हसले, तोही हसला आणि दुसरी प्लेट मागून खाल्ली.

लिंबाच्या बाबतीत त्या विचित्र होत्या. जो मागेल त्याला फोड मिळत नसे, जो मागत नसे त्याच्या प्लेटीत गुपचूप दोन पडत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मागनाऱ्याचं तोंड असते न, तो कुठंबी मागन." पण भांडण निघालं तर त्या कोणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. नळावर माझ्या आईशी त्यांची कडाक्याची जुंपायची. दोघी एकमेकींचे सात पिढ्यांचे हिशेब काढायच्या आणि संध्याकाळी आई त्यांच्या अंगणातला सांबार मागून आणायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आमच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा त्यांच्याकडे जायच्या, त्यांची लिंबं आमच्याकडे यायची. कच्चं सगळं चालत होतं. शिजलेलं येत नव्हतं. ते ठरवायला कोणी बैठक घेतली नव्हती. आम्ही शेतवाले कुणबी, त्या बौद्ध. आमची वसाहत नोकरदारांची, कारागिरांची, सगळ्या जातींची, आणि सगळे सगळ्यांशी गोड.

मी शाळेत जाताना त्यांच्या गाडीवर सांजा खायचो. जवळजवळ रोज. उभं राहून, पैसे देऊन, वरून फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, मागून. रस्त्यावर मला काही अडचण नव्हती. जयंतीला शाळेत समतेवर बोलायचं काम माझ्याकडेच असे आणि बोलायचो बरं.

त्यांचे यजमान ट्रकचे मिस्त्री होते. एका बंद पडलेल्या गाडीसाठी आदिलाबादच्या बाजूला गेले आणि तिथेच, दुरुस्तीला टेकवलेला जॅक सरकून गाडीखाली चिरडून गेले. बाई एकट्या तिकडे धावल्या. ही गोष्ट त्यांनी मला गाडीवरच सांगितली होती, कढई घासता घासता. आमच्याकडे बायाही स्वतःबद्दल 'बसलो, खातो' असंच बोलतात.

"दवाखान्याच्या बाहेर बसलो होतो, मास्तर. आतमदी त्याइची चिरफाड चालू. अन् मले भूक लागली. अशी भूक, का पोट पाठीले लागलं. लाज वाटली मले. नवरा मेला अन् बाई भुकी हाय. तिथं एक तेलगू बुढा उपमा इकत होता. त्यानं पाह्यलं माह्याकडं. काही इचारलं नाही. गरम प्लेट पुढ्यात ठेवली अन् पाठ करून उभा राह्यला, म्हनजे मी खाताना मले कोनी पाहू नये."

"मग?"

"मंग काय. खाल्लं. रडतबी होतो अन् खातबी होतो."

तेव्हापासून त्यांचा नेम झाला. वसाहतीत कुणाकडे माणूस गेलं की त्या दिवशी गाडी बंद. मौतीच्या घरी चूल पेटत नाही. स्मशानातून माणसं परतली की शेजारचे किंवा सोयरे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. बहुतेक ते गार असतं आणि कोणाच्या घशाखाली उतरत नाही. बाई गंजात, म्हणजे पातेल्यात, गरम सांजा घेऊन जायच्या. फिटरचं काम करणारा तेलुगू मनुष्य गेला तेव्हा त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, तोंड उघडत नव्हती. बाईंनी तिच्या समोर फतकल मारली. "तू नको खाऊ," म्हणाल्या, "मी खातो. मले भूक लागली." आणि खरंच खायला लागल्या, चवीनं, बोटं चाटत. थोड्या वेळानं त्या बाईचा हात आपोआप ताटात गेला. सगळ्यांकडे नेत. शिपाई आत्रामकडे नेत, टायरवाल्याच्या मुसलमान घरात नेत. कोणी खात, कोणी घेऊन ठेवत. सांजा परत मात्र कोणी पाठवला नव्हता.

माझे वडील गेले तेव्हा त्या आमच्याकडे आल्या.

आम्ही स्मशानातून आलो होतो, दारात कडुलिंबाचा पाला चावून बसलो होतो. बाई फाटकातून आत आल्या, पदराने धरलेला गंज, त्यातून वाफ. आतल्या खोलीच्या दारात आई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. ती काही बोलली नाही हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो, जणू तिने बोलायला हवं होतं.

मी उठून पुढे झालो. गंजात वर तुपाची धार सोडलेली दिसत होती. मला ती दिसली याचा मला आनंद झाला, हेही आज लिहितो.

"बाई, तूप घातलंय का? आमच्यात सुतकात दूध-तूप चालत नाही."

आमच्यात असं काही नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं.

बाईंनी कपाळाला हात मारला. "घ्या! माह्याच ध्यानात नाही राह्यलं. ताकबी टाकलं म्या. माफ करजा मास्तर." आणि गंज घेऊन परत गेल्या. पाठीमागून कोणीतरी मामा म्हणाला, "बरं सांभाळलं." त्या शब्दानं मला बरं वाटलं होतं.

पुढे काही वर्षांनी माझा थोरला भाऊ गेला. बाई आल्या. मधल्या काळात त्यांच्या सांज्यातून ताक आणि तूप गेलं होतं; मौतीच्या घरी न्यायचा सांजा त्या फक्त फल्लीच्या तेलात करायला लागल्या होत्या. वसाहतीतल्या सगळ्यांसाठीच. माझ्या एका थापेमुळे दुसऱ्या घरांतल्या पोरांनाही तुपाशिवाय खावा लागत होता. त्या दिवशी गंज उघडला तर कढीपत्त्याचा, मोहरीचा वास पसरला. घरातली लहान पोरं मान वर करून बघायला लागली. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं.

"बाई, फोडणी आहे," मी म्हटलं. "दुखवट्यात आमच्यात फोडणी चालत नाही."

हे अर्धं खरं होतं. आमच्याकडे घरात मौत झाली की तेल चुरचुरू देत नाहीत. पण बाहेरून आलेल्या अन्नाला तो नियम नसतो. भावाच्या सासरहून आलेल्या पिठल्यात लसणाची फोडणी होती आणि ते आम्ही खाल्लं.

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाव. माही आजीबी असंच म्हने." आणि गेल्या. धाकट्या पुतणीने मोठ्याने विचारलं, "काका, ते काहून नेलं?" तिला कोणीतरी आत ओढलं.

आईच्या वेळी मात्र आई नव्हती. आत बसून माझ्याकडे बघणारं कोणी उरलं नव्हतं. हे मला स्मशानातून परत येतानाच कळलं होतं. बाई येणार हे मला माहीत होतं, आणि त्यांना नाही म्हणायचं की नाही हे आज माझं मला ठरवावं लागणार होतं. चालताना आईपेक्षा तेच डोक्यात होतं.

त्या आल्या. गंज नवा होता, स्टीलचा, काठाखाली दुकानाचा कागद अजून चिकटलेला. म्हणजे त्यांच्या घरच्या भांड्याचंही कारण मला मिळू नये. झाकण त्यांनी स्वतःच काढलं आणि गंज माझ्यापुढे धरला. पांढराफटक सांजा. तूप नाही, ताक नाही, कांदा नाही, मोहरी नाही, तेलाचा तवंग नाही, हळदीचा डाग नाही. रवा कोरडा भाजून मिठाच्या पाण्यात शिजवलेला, पाण्यातच उकळलेल्या दोन हिरव्या मिरच्या. तरी वाफेला भाजल्या रव्याचा तो वास होता. मला भूक लागली होती.

माझ्या मागे ओसरीवर मामा होते, बायकोच्या माहेरचे होते, गावाकडचे भाऊबंद होते. मी कारण शोधत होतो. खरंच शोधत होतो. परीक्षेत उत्तर आठवत नाही तसं.

"नको, बाई," मी म्हणालो.

"काहून?"

"नको."

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "आता यातून अजून काय काढू?"

मी दाराची एक फळी लोटली. पूर्ण नाही. पण लोटली.

त्यांच्या घराची पायरी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. माझी बायको सुनंदा तिथं उभी होती. तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता. बाई पायरीवर बसल्या, गंज मांडीत घेतला आणि तो सगळा सांजा एकट्यांनी खाल्ला. घास घेत राहिल्या, पाणी पीत राहिल्या. शेवटी शेवटी उतरत नव्हतं तरी खात होत्या. गंज रिकामा झाल्यावर उठल्या.

"तुम्ही हाक मारायची होती मला," सुनंदा म्हणाली. "मी घेतला असता."

"तू का नाही आलीस बाहेर?"

ती चिमटा लावून आत गेली. आमच्या घरात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर रामटेकेबाईंनी कोणाच्याच घरी गंज नेला नाही. आत्रामचा तरणा मुलगा तापाने गेला. झरी जामणीकडच्या गावातून त्याचे नातलग टेम्पोत बसून आले होते, सकाळपासून उपाशी. मातीहून परतल्यावर सगळे अंगणात बसून राहिले. आत्रामची म्हातारी आई रस्त्याकडे बघत होती. "सांजेवाली बाई नाही आली?" तिने विचारलं. मी तिथंच होतो. मग सुनंदाने घरी जाऊन भात टाकला, वरण केलं, पण तेवढ्यांना पुरेल एवढं व्हायला उन्हं उतरली. तोवर ती माणसं तशीच बसून होती.

गाडीवर मी जात राहिलो. जायचं बंद केलं असतं तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं. बाई प्लेट द्यायच्या. रवा भाजताना त्या बोलत नसतच. आता पाणी ओतल्यावरही, मी तिथं असलो की, बोलायच्या नाहीत. माझ्या प्लेटीत लिंबाची फोड मात्र पडायची. तीच मला खाता यायची नाही. शेवटी मी रस्ता बदलला. पुढे उड्डाणपूल झाला, ट्रक वरून जायला लागले, गाडीचं गिऱ्हाईक तुटलं. मग बाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यांची लेक आली आणि त्यांना आपल्या मामाच्या गावी, फुलसावंगीला घेऊन गेली. जीपमध्ये त्यांना उचलून बसवताना मी पडद्याआडून पाहिलं. मदतीला चार हात कमी पडत होते, तरी मी गेलो नाही.

मग मी निवृत्त झालो. वेळ झाला. वेळ वाईट असतो.

गेल्या उन्हाळ्याआधी मी फुलसावंगीला गेलो. यवतमाळहून महागावची बस, पुढे काळीपिवळी जीप. घर विचारत गेलो. अंगणात बाजेवर बाई पडल्या होत्या, उजवा हात पोटावर ठेवून दिलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. लेकीने मला ओळखलं. "समोरचे मास्तर न? बसा जी," म्हणाली आणि मी नको म्हणायच्या आत चुलीकडे गेली. थोड्या वेळानं तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. सांजा. कांदा, मोहरी, फल्लीदाणे, वर तूप, वर सांबार. सगळं होतं त्यात. मी घास घेतला.

बाई माझ्याकडे बघत होत्या. शब्द घोगरे, पण कळत होते.

"कोन मेलं, मास्तर?"

"माय! पाव्हण्याले असं बोलते का वं?" लेक आतून ओरडली.

"कोणी नाही, बाई. भेटायला आलो."

त्या वाट बघत राहिल्या. मला सांगायचंच होतं; बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

"तुपाचं मी खोटं सांगितलं होतं."

"हाव."

"फोडणीचं पण. अर्धं."

"हाव."

"तुम्हाला कळलं होतं?"

"तुमची माय दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून चहा पेत होती. दुधाचा." त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. ते हसू होतं का, मला कळलं नाही.

"मग दर वेळी काढत काहून गेल्या?"

त्यांनी डावा हात उचलून चेहऱ्यावरची माशी हाकलली.

"म्या म्हटलं, मानसापाशी कारनं असून असून किती असन? तूप काढलं. फोडनी काढली. गंज नवा आनला. मी काही साधुसंत नाही, मास्तर. मले जितायचं होतं. एक दिवस कारनं सरन, मंग तुमाले घ्याच लागन, असं म्या धरलं होतं." दम लागला म्हणून थांबल्या. "कारन नसलं तरी मानूस नाही म्हनू शकते, हे मले मालूम नव्हतं."

मी ताटलीकडे बघत म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकलं," त्या म्हणाल्या, "मीठ जास्त झालं का म्हनते. याले दुसरं काही म्हनत असन. तुम्ही मास्तर हा, तुमाले मालूम असन."

मला माहीत होता तो शब्द. जयंतीच्या भाषणात मी तो दर वर्षी म्हणायचो; इथं तोंडातून निघाला नाही.

"खा," त्या म्हणाल्या. "थंडा झाला का गिच्च होते."

मी खाल्लं. सगळं खाल्लं. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही. लेक ताटली उचलायला आली, आणि दुसरी, लहान, घेऊन बाजेवर बसली. आईला भरवायला लागली. पहिला चमचा तोंडाच्या ओढलेल्या बाजूने बाहेर आला. बाईंनी चमचा हाताने उडवला.

"सोड. मी खातो."

"सांडन, माय."

"सांडू दे."

त्यांनी ताटली छातीवर टेकवली आणि डाव्या हाताने खायला लागल्या. हात नीट तोंडापाशी पोचत नव्हता. निम्मा घास हनुवटीवर, मानेवर. लेक पुसायला वाकली की त्या कोपराने तिला दूर सारत. मी उठलो. येतो म्हणालो. त्यांनी वर पाहिलं नाही. सगळं लक्ष घासावर होतं.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"मास्तर, फाटक लावून घेजा. बकऱ्या शिरते."

मी बाहेर आलो आणि फाटक लावलं.